वखार बांधली, मागणी कोण पुरविणार?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर करमाड हे गाव आहे. निजामाच्या राजवटीत १९०० सालाच्या सुमारास सुरू झालेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग या गावावरून जातो व येथे रेल्वे स्थानकही आहे. गावाच्या पश्चिमेस शेंद्रा येथील औद्योगिक वसाहत असून तिला लागून ऑरिक हे नवे उद्योगनगर वसले आहे. करमाडच्या शिवारातील काही जमीनही याच औद्योगिक पट्ट्यासाठी संपादित झाली. करमाडच्याच परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. दळणवळणाची इतकी साधने एका गावाभोवती एकवटल्याचे उदाहरण मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

असे असूनही या भागातील मका, तूर किंवा हरभरा पिकविणारा सामान्य शेतकरी आपला माल मळणी होताच पोत्यांत भरतो, मिळेल त्या वाहनात घालतो आणि त्या दिवशी जो भाव निघेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. त्याच्या शेतापासून काही मैलांवर मोठमोठ्या वखारी उभ्या आहेत. त्यांत यंत्रांचे सुटे भाग, रंग, रसायने, औषधे व घरगुती वस्तू शिस्तीने येतात आणि तितक्याच शिस्तीने बाहेर पडतात. शेतकऱ्याचा मुलगा त्या वखारीत पोती-पेट्या उचलण्याचे काम करतो. परंतु ती शिस्त त्याच्या बापाच्या मक्याला अद्याप लागू झालेली नाही. हा प्रश्न भिंती व छप्पर यांचा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो समज तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

शासनाने वखारींकडे दुर्लक्ष केले, असे मात्र कोणासही म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ साली आपला अहवाल दिला आणि शेतमालाच्या साठवणुकीची व्यवस्था झाल्याखेरीज शेतकऱ्यास पत मिळणार नाही, हे विशद केले. त्यानुसार १९५६ साली कायदा झाला व १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळाची स्थापना झाली. आजचे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळही १९५७ सालचेच, म्हणजे महाराष्ट्र राज्याहून वयाने वडील आहे ! २००७ च्या वखार कायद्याने वखारीच्या पावतीस हस्तांतर करता येण्याजोग्या दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि २०१७ पासून ही पावती संगणकीय स्वरूपात मिळू लागली. २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात स्मार्ट प्रकल्पाने शेतकरी उत्पादक कंपन्यांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केले. २०२३ साली सहकारी क्षेत्रात धान्यसाठवणुकीची मोठी योजना मंजूर झाली व तिच्या प्रायोगिक गोदामांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई या गावाच्या संस्थेचाही समावेश झाला.

तात्पर्य, गोदाम बांधू इच्छिणाऱ्या संस्थेस वाट दाखविणारे अनेक आहेत. गोदाम बांधून झाल्यावर त्यात काय करावयाचे, हे शिकविणारे मात्र फार थोडे आढळतात. उद्घाटनाची कोनशिला बसते, छायाचित्र निघते, आणि पुढे एक-दोन हंगामांत त्या वास्तूत खताच्या गोण्या तरी पडतात किंवा ती भाड्याने तरी जाते. भाडे मिळणे वाईट नाही. परंतु ज्या मक्यासाठी, ज्या तुरीसाठी ती बांधली, तो माल रस्त्याने तसाच पुढे निघून जात असेल, तर त्या अनुदानाचा हेतू फसला असेच म्हणावे लागेल.

मुळात साठवण व मागणीची पूर्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत. माल सुरक्षित ठेवणे ही साठवण होय. ग्राहकाने मागितलेला माल, मागितलेल्या प्रतीचा, मागितलेल्या वजनाचा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दारात पोहोचविणे व त्याचा हिशेब चोख ठेवणे, ही मागणीची पूर्तता होय. कारखानदारास पहिलीपेक्षा दुसरीचे महत्त्व अधिक वाटते. शेंद्र्यास २००१ साली स्कोडा कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यात एखादा लहानसा सुटा भाग वेळेवर आला नाही, तर पुढील सारे काम अडून बसते. म्हणून तेथे माल पुरविणाऱ्याची परीक्षा त्याच्या गोदामाच्या आकारावरून होत नाही; त्याने दिलेली वेळ किती वेळा पाळली यावरून होते. पशुखाद्याचे, स्टार्चचे किंवा मद्यार्काचे कारखाने मका घेतात, तेव्हा तेही हीच परीक्षा लावतात. २०२३ च्या अखेरीस उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हापासून मक्याची ही मागणी विशेष वाढली. तिचा लाभ कोणी घ्यावयाचा, हा करमाडसारख्या गावांपुढील खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वीस शेतकऱ्यांच्या एका गटास पशुखाद्याच्या कारखान्याकडून १०० क्विंटल मक्याची मागणी आली. आर्द्रता १४ टक्क्यांहून अधिक नसावी, खडा-माती नसावी, बुरशीचा दाणा नसावा आणि माल पंधरा दिवसांत पोहोचावा, अशा अटी आहेत. प्रत्येकाने पाच-पाच क्विंटल आणले की झाले, असे गटास सहजच वाटते. येथेच पहिली चूक होते. शेतकऱ्यांकडून येणारा मका १८ टक्के आर्द्रतेचा असेल, तर १०० क्विंटलमध्ये कोरडा ऐवज ८२ क्विंटलच असतो. तो १४ टक्क्यांपर्यंत वाळविला की वजन ९५ क्विंटलांच्या थोडे वर भरते. अर्थात १०० क्विंटल पाठवावयाचे, तर सुमारे १०५ क्विंटल गोळा केले पाहिजे, आणि चाळणीत जाणारा कचरा व फुटका दाणा धरल्यास आणखी एक-दोन क्विंटल. हे गणित आधी मांडले नाही म्हणजे मालमोटार दारात उभी असताना दहा पोती कमी पडतात, आणि मग कोणाच्या तरी घरातून ओला मका आणून ती भरती केली जाते. कारखान्याच्या दारात नमुना घेणारा मनुष्य परखी टोचतो ती नेमकी त्याच पोत्यात ! एका ओल्या पोत्यापायी दोनशे पोत्यांची संपूर्ण मोटार परत येऊ शकते. जाण्यायेण्याचे भाडे व हमाली गटाच्या अंगावर पडते, आणि पुढील हंगामात त्या कारखान्याचा निरोप येत नाही, ही हानी तर कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

ओला व कोरडा मका एकत्र मिसळून सरासरी साधण्याचा मार्ग काही हुशार मंडळी सुचवितात. तो कटाक्षाने टाळावा. ओल्या दाण्याभोवती उष्णता निर्माण होते व तेथून बुरशी पसरते. मक्यावरील एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. असे खाद्य दुभत्या जनावराच्या पोटात गेल्यास त्या विषाचा अंश दुधातही उतरतो. म्हणून खाद्याचे कारखाने या बाबतीत कठोर असतात आणि त्यांनी तसे असावे हेच योग्य आहे. डांबरी रस्त्यावर मका वाळत घालण्याची जी प्रथा पडली आहे, तीही याच कारणास्तव सोडावयास हवी; रस्त्याची बारीक खडी दाण्यांत मिसळते ती चाळूनही पूर्ण निघत नाही, आणि वाहनांचा धोका असतो तो निराळाच. गोदामाआधी गटाने एक स्वच्छ, पक्के, उतार असलेले खळे करावे. त्याचा खर्च गोदामाच्या मानाने अल्प असून उपयोग पहिल्याच हंगामात दिसून येतो.

आता वहीचा विचार करू. वखारीचा प्राण तिच्या वहीत असतो, हे वाक्य व्यापाऱ्यांच्या मुलांना सांगावे लागत नाही. शेतकऱ्यांच्या गटास ते वारंवार सांगावे लागते. माल आत येताना तारीख, कोणाचा, किती पोती, वजन किती, आर्द्रता किती, प्रत कोणती आणि कोणत्या थप्पीत ठेवला, एवढ्या सात बाबी आवक वहीत त्याच क्षणी लिहिल्या गेल्या पाहिजेत. 'संध्याकाळी लिहू' असे म्हणून ठेवलेली नोंद बहुधा चुकीची असते. प्रत्येक पोत्यावर खूण हवी. ती अवघड असण्याचे कारण नाही. मक्याचा 'म', थप्पीचा क्रमांक व सभासदाचा क्रमांक लिहिला, म्हणजे 'म-७-१४' एवढ्यावरून पोते कोठले व कोणाचे हे कळते. मुंबईचे डबेवाले १८९० पासून लाखो जेवणे अचूक दारी पोहोचवीत आले, ते डब्याच्या झाकणावरील अशाच चार-दोन खुणांच्या बळावर. आणि ती मंडळीही मावळ-खेडच्या शेतकरी कुटुंबांतीलच. तेव्हा हे काम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

खुणेचा लाभ दुहेरी आहे. कारखान्याने एखादे पोते नाकारले, तर ते कोणाचे हे कळते व दोष साऱ्या गटाच्या माथी बसत नाही. ज्याने निगुतीने माल वाळविला त्यास दोन पैसे अधिक देता येतात. सर्वांना सरसकट एकच भाव देणाऱ्या गटात चांगला माल आणणारा सभासद फार काळ टिकत नाही, ही गोष्ट गटाच्या पदाधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

थप्पी लावण्यासंबंधी थोडक्यात सांगावयाचे तर, ती जमिनीवर थेट लावू नये. खाली लाकडी फळ्यांची चौकट असावी. भिंतीपासून दोन-अडीच फूट जागा सोडावी, म्हणजे ओल लागत नाही व मनुष्यास सभोवार फिरून पाहता येते. मात्र सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली गोष्ट निराळीच आहे. दाराजवळ ठेवलेले पोते उचलण्यास सोपे, म्हणून जो माल शेवटी आला तोच प्रथम बाहेर जातो आणि भिंतीकडील जुना माल तसाच मागे पडून राहतो. उष्ण हवेत सोंडकिडा सुमारे एका महिन्यात आपली एक पिढी पुरी करतो. मागे राहिलेल्या थप्पीत दोन-तीन पिढ्या झाल्या की ती कीड नव्या मालातही शिरते. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम पाळावयाचा तर थप्प्यांमध्ये वाट सोडावी लागते, आणि वाट सोडली की गोदामात माल कमी मावतो. ही जागा वाया गेली असे समजू नये. गच्च भरलेले गोदाम पाहून पाहुणे खूष होतात. मागणी पुरविणारा मनुष्य मात्र अशा गोदामात अडकून पडतो.

कीड लागल्यावर धुरी देण्याचे काम मात्र गटाने स्वतः अंगावर घेऊ नये. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांपासून निघणारा वायू प्राणघातक आहे. राहत्या घरात, किंवा घरास लागून असलेल्या खोलीत, या गोळ्या ठेवून माणसे दगावल्याच्या दुःखद घटना घडलेल्या आहेत. हे काम प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तीकडूनच, हवाबंद आच्छादनाखाली करवून घ्यावे.

सर्वांत कठीण अडचण मात्र गोदामाच्या आत नसते. ती सभासदाच्या मनात असते. गटाने कारखान्यास शब्द दिला, आणि माल भरण्याच्या आदल्या दिवशी गावात आलेल्या व्यापाऱ्याने क्विंटलमागे वीस रुपये अधिक देऊ केले, की पाच-सहा सभासद आपला मका तिकडे घालतात. यावर गटाचे अध्यक्ष शेतकऱ्यांना दोष देतात. तो दोष सर्वस्वी न्याय्य नाही. व्यापारी रोख देतो. गट मात्र कारखान्याचे पैसे आल्यावर देतो, आणि ते केव्हा येतील हे कोणीच सांगत नाही. लेकीचे लग्न, सावकाराचा तगादा किंवा रब्बीचे बियाणे यांपैकी काहीही दारात उभे असताना शेतकऱ्याने गटाच्या अब्रूसाठी थांबावे, अशी अपेक्षा करणे कठोरपणाचे होय. माल वखारीत येताच किमतीचा मोठा हिस्सा हाती देण्याची सोय गटाने केली पाहिजे. ती होत नसेल, तर मोठ्या मागणीचा शब्द देऊ नये. २० क्विंटलचा शब्द द्यावा आणि तो पाळावा.

या ठिकाणी तारण कर्जाचा उपयोग आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जाते. ठरावीक शेतमालावर, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, द.सा.द.शे. ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. कोणत्या पिकास किती मर्यादा आहे, हे आपल्या बाजार समितीत विचारून घ्यावे. नोंदणीकृत वखारीच्या संगणकीय पावतीवर बँकाही कर्ज देतात. कागदी पावतीत एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज उचलले जाण्याचा जो धोका होता, तो या पावतीने पुष्कळसा दूर झाला आहे.

तथापि साठविले की फायदा झालाच, असा प्रचार कार्यकर्त्यांनी करू नये. गणित स्वच्छ मांडावे. सोयीसाठी मक्याचा भाव क्विंटलला २००० रुपये धरल्यास १५०० रुपये कर्जाचे सहा महिन्यांचे व्याज ४५ रुपये होते. एक टक्का घट धरली तर आणखी २० रुपये. वखारीचे भाडे व दोन वेळची हमाली निराळी. भाव एवढा चढेल असा विश्वास नसेल, तर माल अडवून ठेवण्यात अर्थ नाही. भाव उतरूही शकतो, आणि तसे झाले की गावात 'वखारीने बुडविले' अशी हाकाटी होते व पुढे दहा वर्षे तो विषय कोणी काढू देत नाही. याउलट हातात पक्की मागणी असेल, तर तोच माल पंधरा दिवसच ठेवावा लागतो. भाडेही थोडे व व्याजही थोडे. यास्तव मागणी आधी मिळवावी आणि वखारीचा विचार तिच्या मागोमाग करावा, हा क्रम अधिक शहाणपणाचा ठरतो.

हे काम कोणाच्या हाती सोपवावे ? बहुतेक गटांत गोदामाची किल्ली अध्यक्षांच्या घरी असते व वही कोणाच्याच घरी नसते. दाणा पारखण्याचे, निवडण्याचे, पाखडण्याचे काम पिढ्यान्पिढ्या घरातील स्त्रियांनी केले आहे. ओला दाणा त्यांना दाताखाली चावून कळतो, किडका दाणा सुपात हलताच दिसतो. बचत गटांमुळे त्यांपैकी पुष्कळजणींना वहीखात्याचीही सवय झाली आहे. आणि बचत गटाची वही बहुधा गावातील इतर कोणत्याही संस्थेच्या वहीपेक्षा नीट असते, हे तपासनीस खाजगीत कबूल करतात. असे असता प्रत ठरविण्याचे व आवक-जावक लिहिण्याचे काम योग्य मोबदला देऊन त्यांच्याकडे का जाऊ नये ? त्यांना रोजंदारीवर चाळणीशी बसवावयाचे व लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती द्यावयाची, ही रीत गटाच्याच तोट्याची आहे. त्याचप्रमाणे शेंद्र्याच्या वखारींतून चार-दोन वर्षे काम केलेले तरुण आता करमाडच्या आसपासच्या अनेक गावांत आहेत. मालाची जागा क्रमांकाने ओळखणे, मागणीपत्रकाप्रमाणे माल काढणे, भरलेल्या मालाची दुसऱ्याकडून फेरमोजणी करवून घेणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. गावाच्या संस्थेने त्यांना बोलावून विचारले पाहिजे. बाहेरून आलेल्या व्याख्यात्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतील.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे मूल्यमापन कशावरून होते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. किती गोदामे मंजूर झाली व किती टन क्षमता निर्माण झाली, हे रकाने अहवालात असतात. गटाने हंगामात किती मागण्या स्वीकारल्या, त्यांपैकी किती ठरल्या दिवशी पुऱ्या केल्या, किती पोती परत आली आणि सभासदांना पैसे किती दिवसांत मिळाले, हे चार रकानेही त्यांच्या शेजारी आले पाहिजेत. आकडे पहिल्या वर्षी लाजिरवाणे असतील. म्हणून ते लपविण्याचा मोह वरिष्ठांनी व कनिष्ठांनी दोघांनीही आवरावा. दहापैकी चार मागण्या वेळेवर पुऱ्या करणारा आणि ते लिहून ठेवणारा गट, एकही मागणी न घेता नव्या गोदामाचा प्रस्ताव धाडणाऱ्या गटापेक्षा अनुदानास अधिक पात्र समजावा.

खरिपाचा मका साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात वखारीकडे येऊ लागतो. ज्या गटांना या हंगामात एखादी लहान मागणी अंगावर घ्यावयाची असेल, त्यांनी त्यापूर्वीच खरेदीदाराकडून प्रतीच्या अटी लेखी मागवाव्यात, आर्द्रता मोजण्याचे यंत्र बाजार समितीतील यंत्राशी ताडून पाहावे, तोलकाट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे किंवा नाही हे बघावे आणि जुने बारदान उन्हात झटकून घ्यावे. आवक वही, जावक वही व परत आलेल्या पोत्यांची वही अशा तीन वह्या पृष्ठक्रमांक घालून तयार ठेवाव्यात. तिसरी वही गटाच्या मासिक सभेत सर्वांसमोर वाचली जावी.